एका आमेनचं शुद्धिपत्र

त्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, भरल्या चर्चमध्ये, बाइंडरच्या मरणासाठी प्रार्थना झाली आणि ब्याऐंशी माणसं एका सुरात ‘आमेन’ म्हणाली. त्र्याऐंशीवा तो स्वतः होता. तो म्हणाला नाही. तोंडावर मास्क आणि डोक्यावर आईने विणलेली लोकरीची टोपी घालून, डोळे मिटून तो शेवटच्या बाकाच्या टोकाला खिडकीशी बसला होता, कारण माणसांपासून लांब आणि हवेशीर जागी बसा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रार्थना सांगत होते ते चर्चचे एक वडील. वडील म्हणजे कुणाचे वडील नव्हेत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पिकल्या माणसांचा तो हुद्दा असतो. मंडळीत सगळे त्यांना सविस्तर काका म्हणत, कारण देवाला थोडक्यात काही सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नळ गळतोय एवढ्यावर त्यांचं भागत नसे. कुठला नळ, कुठल्या भिंतीवरचा, वॉशर मागे कधी बदलला होता, हेही ते देवाच्या कानावर घालत. त्या दिवशी सरकार, शाळांच्या परीक्षा आणि तोच नळ एवढं उरकून ते आजाऱ्यांकडे वळले. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. ते जरा थबकले. मग भरल्या गळ्याने म्हणाले, “आणि हे प्रभू, आमच्या बाइंडर भावाची आणि तुझी गाठ लवकर पडू दे. विलंब न लावता पडू दे. याच आठवड्यात पडली तर आम्ही तुझे फार फार उपकार मानू.”

आमेन.

बाइंडरने डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. ब्याऐंशी मिटलेले चेहरे, सगळ्यांवर आपण एक चांगलं काम केल्याचं समाधान. पेटीवाल्या बाईंनी पुढच्या गीताचा सूर धरला. कुणी दचकलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी शेजारच्याला कोपर मारलं नाही. माणसं बेचाळीस वर्षांच्या धडधाकट, म्हणजे पूर्वी धडधाकट असलेल्या, माणसाला देवाकडे लवकर पाठवून देतात, फार फार उपकार मानायची तयारी दाखवतात, आणि मग खोकून घसा साफ करून गायला लागतात. पण बाइंडरच्या छातीत जे रुतलं ते हे नव्हतंच. ब्याऐंशी आमेनांमधला एक त्याला वेगळा ऐकू आला होता. तो अगदी डाव्या कानाजवळून आला होता, अर्धा ठेका उशिरा, पण खणखणीत. तो त्याच्या बायकोचा होता.

अर्धा ठेका उशिरा. तोच अर्धा ठेका त्याने पुढचे दोन दिवस चघळला. बाकीचे सवयीने म्हणाले हे तो समजू शकत होता. आमेन हा शब्दच असा आहे की समोरचा थांबला की आपोआप सुटतो. पण उशिरा म्हणजे काय? उशिरा म्हणजे माणसाने ऐकलं, मनात घोळवलं, दोन्ही बाजू बघितल्या, आणि मग ठरवून म्हटलं.

गाठ या शब्दाशी त्याचं बावीस वर्षांचं देणंघेणं होतं. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात बांधणी विभाग होता. दोन टेबलं, एक कटिंग मशीन, एक दाबयंत्र, खळीचं पातेलं आणि तो. फाटकी पुस्तकं वरून लिफ्टने एकटीच यायची आणि शिवून निघालेली एकटीच वर जायची. जुजबंदी करायची म्हणजे फर्मा, घडी घातलेल्या पानांचा जुडगा, पुढच्या फर्म्याला शिवत जायचं, प्रत्येक फर्म्याच्या टोकाला दोरा खालच्या टाक्यात अडकवून गाठ मारायची. चांगली गाठ बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच सहा महिन्यांपूर्वी दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं आणि डोळ्याला दिसलं नाही, तेव्हा त्याच्या मनात पहिलं काय आलं असेल तर, वा, सफाईदार काम आहे. नंतर डॉक्टर म्हणाले गाठ आहे, तपासणीवाले म्हणाले गाठ वाईट आहे, आणखी एक डॉक्टर म्हणाले वाईटातली चांगली आहे, औषधाने विरघळणाऱ्यांपैकी आहे, दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो घ्यायच्या. दोन झाल्या होत्या. केस गेले, भुवया गेल्या, जिभेवर चोवीस तास लोखंडी किल्ली ठेवल्यासारखी चव. आणि ज्या खळीच्या वासात तो उमेदीची सगळी वर्षं माणसासारखा जगला होता, त्या वासाने आता पोट तळापासून ढवळायचं. हे त्याला सगळ्यात अपमानास्पद वाटायचं. केस ठीक आहे, केस कुणी शिकून वाढवत नाही. पण खळीचा वास त्याने कमावलेला होता.

आणि या सगळ्यात त्याने देवाशी भांडण काढलं नव्हतं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. बाप बंदरात वजनं उचलायचा, तो गेला तेव्हाही नाही, मूल झालं नाही तेव्हाही नाही, मान तपासायला डॉक्टरांनी सुई खुपसली तेव्हाही नाही. लहानपणापासून तो देवाला ‘तू’ म्हणत आला होता. सगळेच म्हणतात; आईला म्हणावं तसं. बायको तर नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि देवाला ‘अरे’. पण त्या रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरताना, नेहमीप्रमाणे मनातल्या मनात बोलायला तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं. ‘आपणांस विनंती की,’ तो म्हणाला. आणि थांबला. पायरीवर उभं राहून त्याने पुन्हा प्रयत्न केला. ‘आपल्या कार्यालयाकडे आज सकाळी अकरा-दहाला माझ्यासंबंधी जो अर्ज आला आहे...’ त्याला ‘तू’ म्हणता येईना. जीभ वळेना. आपल्याला बुडवू बघणाऱ्या कचेरीतल्या साहेबाशी माणूस जसा बोलतो, तसाच तो देवाशी बोलू लागला होता.

घरी बायकोने सूप पुढे ठेवलं. त्याने वाटी बाजूला सारली.

“मळमळतंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“तोंड आलंय का? बघू.”

“मला राग आलाय.”

“हो, ते येतं,” ती म्हणाली, आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला हॉस्पिटलचा कागद वाचून आली. “आठव्या ओळीत आहे. चिडचिड. पाणी भरपूर प्या म्हणतात.”

हे एक नवीनच होतं. राग हा औषधाचा दुष्परिणाम म्हणून कागदावर छापलेला असल्यामुळे त्याला आता स्वतःचा असा राग उरला नव्हता. तो ओरडला तरी औषध ओरडायचं. तो गप्प बसला तर तेही अकराव्या ओळीत होतं, उदासीनता. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला संतापायला पक्कं कारण मिळालं होतं आणि घरातली माणसं त्याला लिंबूपाणी देत होती. त्याने बायकोकडे बघितलं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या नजरा दुरुस्त करणारी बाई. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ती भांडी विसळता विसळता मध्येच थांबायची, नळ चालू, हातात बशी, नजर भिंतीवर. काय बघते भिंतीवर? माझ्याशिवायचं घर? त्याला वाटलं की तिने ते मनात मांडूनही बघितलं असेल: औषधांचं टेबल इथून हलवू, इथे शिवणयंत्र ठेवू. आणि यात न समजण्यासारखं काही नाही, हे लक्षात आल्यावर तो जास्तच संतापला.

आईला मात्र त्याने सांगितलं. आई त्यांच्याकडेच राहत होती. गुडघ्यामुळे ती चर्चला जात नसे. खिडकीशी बसून घंटा ऐकायची, आणि घंटा उशिरा झाली की चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, फोन करून सांगायची. त्याने सविस्तर काकांची प्रार्थना तिला शब्दाला शब्द ऐकवली. आई आधी गंभीर झाली. मग तिचे गाल थरथरले. मग ती हसायला लागली, ती इतकी की विणकामाच्या सुया खाली पडल्या.

“याच आठवड्यात?” ती डोळे पुसत म्हणाली. “तारीख पण दिली मेल्याने?”

“आई, हसण्यासारखं काय आहे? सगळे आमेन म्हणाले.”

“म्हणणारच. त्याचं संपलं याच्याच आनंदात म्हणतात रे सगळे. तुझ्या वडलांच्या अंत्यविधीला त्याने देवाला आपल्या घराचा पत्ता सांगितला होता, मजल्यासकट. लिफ्ट बंद आहे हे पण.”

“ही पण म्हणाली.”

आईचं हसू थांबलं. तिने सुया उचलल्या, एक टाका मोजला, आणि म्हणाली, “मग तिला विचार. मला कशाला सांगतोस?”

पण तिला विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी हवी. ती नव्हती. त्यापेक्षा संस्थेविरुद्ध कारवाई सोपी. सोमवारी तो अर्धा दिवस कामावर गेला, नाकाला रुमाल बांधून तीन कोशांचे कणे बसवले, आणि दुपारी थेट चर्चच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. पाळकसाहेब आणि सविस्तर काका दोघंही तिथे होते. पाळकसाहेब तरुण, मऊ आवाजाचे. काका खुर्चीत ताठ, खिशाला तीन पेनं.

“मला शुद्धिपत्र पाहिजे,” बाइंडर म्हणाला.

“कशाचं?”

“प्रार्थनेचं. पुस्तकात चूक राहिली तर आम्ही चिठ्ठी चिकटवतो. अमुक ओळ, अमुक शब्द, त्याऐवजी असं वाचावं. येत्या रविवारी त्याच जागी उभं राहून, त्याच आवाजात, काकांनी वाचायचं. आणि त्यावर ब्याऐंशी जणांनी पुन्हा आमेन म्हणायचं. मी मोजणार.”

पाळकसाहेबांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले. प्रार्थनेसाठी की हसू आवरायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. “हे बघा,” ते म्हणाले, “देवाला हेतू कळतो. शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून...”

“हेतू कळतो ना? मग दर रविवारी अर्धा तास कशाला सांगता? नळाचं वॉशर कशाला सांगता? गप्प बसा की सगळे. जे बोलायचं ते नीट बोलायचं. माझ्या शिरेत ते लाल औषध भरतात तेव्हा सिस्टर तीनदा वाचते, बाटलीवरचं नाव, माझ्या मनगटावरचं नाव, कागदावरचं नाव. तिला पण हेतू कळतो. तरी वाचते!”

“भाऊ,” सविस्तर काका दुखावल्या आवाजात म्हणाले, “मी माझ्या मनाचं काही बोलत नाही. वहीत होतं तेच म्हटलं. विनंत्या ओळीने घेतो, तुमची पाळी काल आली.” आणि त्यांनी कपाटातून प्रार्थना-विनंत्यांची वही काढून टेबलावर आपटली. “वाचा. ‘बाइंडरची गाठ लवकर’, पुढे ‘पडू दे’. कुणाशी ते लिहिलंच नव्हतं. मला अर्धवट काही आवडत नाही. मी विचार केला, प्रार्थनेत आणखी कुणाशी पाडणार? म्हणून प्रभूशी घातलं.”

वही ओळखायला बाइंडरला उघडावीही लागली नाही. निळं कापड, कोपऱ्यांना चामडं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच चर्चला बांधून दिली होती. आणि घाईत दिली होती. सुटे कागद होते, फर्मे पाडून जुजबंदी करायला दोन दिवस गेले असते. फुकट काम, त्याने सरळ बाजूने भोकं पाडून आडवे टाके मारले आणि वर कापड ओढलं. असं शिवलं की वही पूर्ण उघडत नाही. पानाची आतली बोटभर जागा शिवणीत जाते. लिहिताना माणूस दाबून धरून आतपर्यंत लिहितो, वही मिटली की ते अक्षर कण्यात गिळलं जातं. नवशिक्यालाही हे शिकवतात. त्याने दोन्ही अंगठे पानांच्या मध्ये घातले आणि पुस्तकाला करू नये ते केलं, कणा मोडेपर्यंत दाबलं. टाके ताणले गेले, भोकं दिसू लागली. ‘बाइंडरची गाठ लवकर’, आणि तिथे, अगदी शिवणीच्या तोंडाशी, कागदाचा एक कणही वाया न घालवणाऱ्या त्याच्या बायकोच्या बारीक अक्षरात, दोऱ्याखाली दबलेलं, ‘गळून’. खालच्या ओळीवर, ‘पडू दे’.

“हां,” सविस्तर काका चष्मा वर करून म्हणाले. “हे नव्हतं दिसत.”

म्हणजे देवापर्यंत आपल्याच मरणाचा अर्ज आपणच शिवून पाठवला. कुणावर ओरडायचं? बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा आळस केला, तोही देवाच्या कामात, आणि नेमकी तीच शिवण ही निघाली. ‘आपल्या कार्यालयाची विनोदबुद्धी,’ तो मनात म्हणाला, ‘आम्हांस अजिबात आवडलेली नाही.’ आणि मग, वही हातात तशीच उघडी धरून, त्याला खरी गोष्ट दिसली. विनंतीवर तारीख होती, पहिल्या केमोच्या आधीची. तिने ‘गळून’ लिहिलं होतं तेव्हा. काय लिहिलं ते तिला पाठ होतं. म्हणजे मंडळीतली एकच व्यक्ती अशी होती जिला काकांचं वाक्य चुकलं आहे हे ऐकताक्षणी कळायला हवं होतं. आणि तीच अर्धा ठेका थांबून आमेन म्हणाली होती. चाळीस दिवसांत तिचं मन बदललं होतं. बाकीच्यांना माफी होती, त्यांना वहीतलं काही माहीत नव्हतं. तिला नव्हती.

“रविवारी वाचतो मी चिठ्ठी,” काका म्हणाले. “सविस्तर वाचतो.”

“राहू द्या,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने घरात जाहीर केलं की उद्या तो केमोला जाणार नाही. बायकोने कागद बघितला. हेही त्यात असावं, कारण तिने हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली. शाल, पाण्याची बाटली, आंबट गोळ्या, थर्मामीटर. सकाळी टॅक्सी खाली आली तेव्हा तो पलंगावर बसून राहिला. आई काठी टेकत आली. “मी खाली जाऊन बसते टॅक्सीत,” ती म्हणाली. “तुझ्याऐवजी मला टोचू देत. गुडघ्याला काही फरक पडला तर पडला.” आणि ती खरोखर जिन्याकडे निघाली, एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर ‘आई गं’ असं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या बेताने कण्हत. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती पोचली तेव्हा त्याने बूट घातले.

केमोच्या खोलीत दहा खुर्च्या होत्या, मागे झुकणाऱ्या, विमानातल्यासारख्या, फक्त विमान कुठे जात नव्हतं. प्रत्येक खुर्चीला एक खांब, खांबाला एक पंप, आणि शेजारी एक पाठ नसलेलं स्टूल. आजाऱ्याला खुर्ची, सोबतच्याला स्टूल. ही व्यवस्था ज्याने केली त्याने सोबतच्या माणसाचा विचार फक्त बुडापुरता केला होता. बायको स्टूलवर बसली. नर्सने त्याच्या दंडाला पट्टा आवळला, मनगटाच्या आतून थोपटत शीर शोधू लागली. दोन केमोंनी त्याच्या शिरा खोल पळाल्या होत्या.

“येत नाहीये वर,” ती म्हणाली. “मूठ वळा. उघडा. वळा.”

त्याने हात ओढून घेतला.

“आधी मला हिला एक विचारायचंय,” तो म्हणाला.

“विचारा, पण मूठ वळून ठेवा,” नर्स म्हणाली. तिला दहा खुर्च्या बघायच्या होत्या.

तो बायकोकडे वळला. घरून वाक्य तयार करून आणलं होतं, चांगलं शांत, समजूतदार वाक्य. पण तोंडातून आलं ते वेगळंच. “तुला मी नको असेन तर तसं सांग. मी टोचून घेत नाही. मला उलट्यांची हौस नाही. मी हे सगळं ज्या माणसासाठी करतोय त्याने भर चर्चमध्ये माझ्या मरणाला आमेन म्हणायचं आणि घरी येऊन मला सूप द्यायचं, हे मला जमणार नाही.”

“काय?” ती म्हणाली.

त्याने सांगितलं. काका, गाठ, याच आठवड्यात, फार फार उपकार. वही, शिवण, गळून. बाजूच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीच उमटलं नाही, आणि मग खालून वर, गळ्यापासून कपाळापर्यंत, रंग चढत गेला.

“मी ऐकलंच नाही,” ती म्हणाली.

“ब्याऐंशी जणांनी ऐकलं.”

“मी झोपले होते!”

खोलीतले दहा पंप सोडून सगळं थांबलं.

“झोपले होते मी,” ती उभी राहिली, स्टूल मागे पडलं. “सगळे ओरडले म्हणून जाग आली, मीही म्हटलं. काका नळापर्यंत आले होते एवढं आठवतंय. प्रार्थनेला डोळे मिटायला सांगतात! या चाळीस दिवसांत दुसऱ्या कुणी मला डोळे मिट म्हणून सांगितलेलं नाही. ताप अडतीसच्या वर गेला तर तासाभरात घेऊन या, नाहीतर जिवावर बेतेल, असं ह्या हॉस्पिटलवाल्यांनी मला सांगितलंय, तुला नाही, मला! दर दोन तासांनी गजर लावून उठते मी, तुझ्या काखेत थर्मामीटर घालते, काढते, आकडा लिहिते. तू घोरत असतोस. तुला माहीत तरी आहे का? दुकानात परवा एका बाईला मी डाव्याचं भिंग उजव्यात बसवून दिलं. आणि तू दोन दिवस मला मारेकरी समजून सूप परत करत होतास? सूप?”

तू. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने त्याला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. तो शब्द ती फक्त देवाला वापरायची, आणि तोही मायेने. बाइंडरचं तोंड रागाने उघडं होतं आणि त्यात घालायला आता राग सापडत नव्हता. उरलेला सगळा भलत्याच दिशेला वळत होता, मुठीत गोळा होत होता. स्टूल बनवणाऱ्यावर, कागद छापणाऱ्यावर, बाजूने टाके मारणाऱ्या त्या आळशी बाइंडरवर, आणि वर बसून सगळं नीट उघड्या वहीसारखं दिसत असताना गप्प राहणाऱ्या साहेबावर.

“वा,” नर्स त्याच्या मनगटाशी वाकून म्हणाली. “मस्त फुगलीय. हलू नका, भांडण तसंच चालू ठेवा,” आणि सुई आत गेली.

मग पाण्याची बाटली, उलटीचं औषध, आणि शेवटी ती लाल सिरिंज. तीनदा वाचलेलं नाव. थंड धार कोपरापर्यंत चढत आली, जिभेवर किल्ली आली. बायको त्याच्याकडे पाठ करून बसली होती. बाजूच्या म्हाताऱ्याने न विचारता एक आंबट गोळी पुढे केली. बाइंडरने ती घेतली. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभू तळमळत होता आणि जिवाभावाचे सोबती झोपले, ही कथा तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि दर वेळी त्याला त्या सोबत्यांचा राग आला होता. ते त्याआधी किती रात्री जागे होते, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने पण नाही.

तासाभराने बायकोची पाठ सैल झाली. मान एकदा झुकली, सावरली, पुन्हा झुकली. पाठ नसलेल्या स्टूलवर माणूस झोपतो तेव्हा तो हळूहळू जगाच्या बाहेर कलंडतो. त्याने मोकळा हात लांब करून तिला आपल्याकडे ओढलं. तिचं डोकं खुर्चीच्या दांडीवर, त्याच्या दंडाला टेकलं. तोंड किंचित उघडं. चष्मा वाकडा झाला होता. त्याने तो काढून आपल्या मांडीवर ठेवला.

मग तो बोलला. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून, कारण जे बोलायचं ते नीट बोलायचं.

“हे बघ,” तो म्हणाला, आणि जीभ वळली. “रविवारी अकरा-दहाला तुझ्याकडे जे आलं ते चुकीचं आहे. चूक शिवणीची, शिवण माझी. ‘प्रभूशी गाठ पडू दे’ याऐवजी ‘गाठ गळून पडू दे’ असं वाचावं. गळून. ग, ळू, न. हे तुला आधीच कळत होतं असं पाळकसाहेब म्हणतात. कळत होतं तर मला तुझा जास्तच राग आहे, आणि तो औषधाचा नाही, माझा स्वतःचा आहे, तो कागदावर कुठल्याच ओळीत नाही. हिला झोपू दे. गजर मी लावीन. आणि तुझी माझी गाठ काय, पडायची तेव्हा पडेल, मला घाई नाही. पण पडेल तेव्हा सगळी कामं बाजूला ठेवून बस. मला बरंच विचारायचंय. सविस्तर.”

तो थांबला. पंप टिकटिकत होता. थेंब पडत होते.

“आमेन,” बायको म्हणाली. अर्धा ठेका उशिरा.

त्याने खाली बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

“काय ऐकलंस?”

“काही नाही,” ती झोपेत पुटपुटली. “तुमचा आवाज थांबला, म्हणून म्हटलं.” आणि डोळे न उघडताच तिचा हात वर आला, चाचपडत लोकरीच्या टोपीखाली सरकला, त्याच्या कपाळावर टेकला, आणि ताप नाही अशी खात्री झाल्यावरच सैल पडला.